तुझे ब्याऐंशी टक्के

मल्लू, त्या रविवारी तुझ्या घरच्या सोप्यात बसून मी 'ब्याऐंशी टक्के' म्हणालो, ते खोटं होतं. हे तुला नव्यानं सांगायची गरज नाही. त्या खोलीत ते खोटं आहे हे माहीत असलेला माझ्याशिवाय एकच माणूस होता आणि तो तू होतास. पण लिहायला बसलो की पहिलं वाक्य हेच येतंय. ते लिहून टाकल्याशिवाय तुझ्याबद्दल एकही चांगली गोष्ट माझ्या हातून उतरणार नाही असं दिसतंय.

तुला माती दिली त्याला अजून महिना व्हायचा आहे. परवा सकाळी मी तुझ्या घरी शशिकलावहिनींजवळ बसलो होतो, तेवढ्यात कुर्डुवाडीचं एक जोडपं मुलाला घेऊन दारात उभं राहिलं. बाईंच्या हातात कागदांची पिशवी. त्यांना काही ठाऊकच नव्हतं.

"सर हायत का? सीईटीचा निकाल लागलाय पोराचा."

वहिनी म्हणाल्या, "बसा. सर नाहीत आता. पण बसा, उन्हातनं आलाय."

तो माणूस बसला नाही. त्यानं चपला काढल्या, परत घातल्या, परत काढल्या. आतल्या फोटोकडं बघून हात जोडले. मग माझ्याकडं वळून अगदी हळू आवाजात म्हणाला, "मग आता आमी कुणाला इचारायचं?"

मला राग आला नाही मल्लू. उलट वाटलं, इतक्या लोकांनी इतके शब्द वापरले, पण तुझ्याबद्दल एवढं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

हे वाचणाऱ्यांत तुला न ओळखणारेही असतील, म्हणून थोडं सांगावं लागेल. तू सोलापुरात कॉलेजात अकरावी-बारावीला गणित शिकवायचास. बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की विजापूर रोडच्या तुझ्या घरी रविवारी आईबापांची गर्दी व्हायची. बार्शी, टेंभुर्णी, अक्कलकोट, कुठून कुठून यायचे. कुठलं कॉलेज, कुठली शाखा, ऑनलाइन फॉर्मवर पहिल्या क्रमांकाला काय टाकायचं, पहिल्या फेरीत मिळालं तर घ्यायचं की थांबायचं. तू बनियनवर, खांद्याला पंचा, खाली सतरंजीवर बसलेला. अक्कलकोटकडचं कुणी आलं की तू कानडीवर जायचास आणि तुझा आवाज उगाचच मऊ व्हायचा. वहिनी म्हणायच्या, "माझ्याशी बोलताना पण कानडीच असती, तवा कुठं जातो हा मऊपणा?"

आणि तुझी ती एक रीत. पोराला मध्ये बसवायचं, आईबाप दोन बाजूंना. बाप लगेच सुरू करायचा, "सर, ह्याला पर्सेंटाइल..." की तुझा हात वर.

"त्याचं राहू दे. आधी तुमचं सांगा. बारावीला किती पडले होते?"

बाप पंख्याकडं बघायचा. "आमचं कशाला सर आता?"

"सांगा की. पोराचे साऱ्या गल्लीला सांगून झाले असतील. तुमचे निदान पोराला तरी कळू देत."

मग कुणी खाली मान घालून सांगायचा की बारावीपर्यंत गाडी गेलीच नाही, दहावीला इंग्रजीनंच दगा दिला. कुणी म्हणायचा, "दोन वेळा बसलो सर, तिसऱ्या वेळेला बापानं ट्रॅक्टरवर बसवलं." सगळा सोपा हसायचा. आणि पोरगं आपल्या बापाकडं असं बघायचं, जणू हा माणूस आज पहिल्यांदा घरी आला आहे.

टेंभुर्णीच्या त्या बाई आठवतात? नवरा ट्रान्सपोर्टवाला, घडाघडा बोलणारा. त्याचं झाल्यावर तू बाईंकडं वळलास. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चौऱ्याऐंशी. आमच्या केंद्रात पहिली आले होते."

नवरा त्यांच्याकडं वळला. मग म्हणाला, "हे मला कधी सांगितलं न्हाईस."

"तुमी कधी इचारलं?"

तू हसला नाहीस. माहितीपुस्तिका उचलून सरळ बाईंच्या हातात दिलीस. "मग हे तुम्ही वाचा ताई, आणि ह्यांना समजावून सांगा. मी चहा पितो." पुढचा तासभर त्या बाई बोटानं ओळी दाखवत होत्या आणि नवरा 'हं, हं' करत होता. त्यांची मुलगी आईला चिकटून बसली होती. मोठी पोरगी, पण लहान बाळासारखी.

मी एकदा तुला विचारलं होतं, हा कसला खेळ लावलास? तू म्हणालास, "खेळ नव्हे रे सुऱ्या. बाप कुठंतरी आपटला होता हे कळलं की पोरगं सुटतं. मग त्याला खरंच काय पाहिजे ते बोलतं. तोवर नुसतं बापाच्या तोंडाकडं बघून 'कॉम्प्युटर' म्हणत असतं."

मी पतसंस्थेतली नोकरी सांभाळून दर वर्षी त्या रविवारी तुझ्याकडं यायचो. चहाचे पेले फिरवायचो, लोकांच्या चपला बाजूला लावायचो. मी घरातला, त्यामुळं माझा निकाल कुणी विचारला नाही. तूही विचारला नाहीस. तुला तो पाठ होता.

माझ्या बारावीच्या निकालाची गोष्ट तुला सांगणं म्हणजे विचित्रच आहे, पण सांगतो. मी गणितात नापास झालो होतो. तुला ब्याऐंशी टक्के होते आणि पुढं पुण्याला इंजिनिअरिंगला तुझा नंबरही लागला. कॉलेजच्या भिंतीवर कागद चिकटवला होता, त्यात तू माझं नाव आधी शोधलंस, मग स्वतःचं. तू पेढे घ्यायला गेला नाहीस. आपण दोघं कंबर तलावाच्या कठड्यावर बसलो. मी रडत होतो आणि तू दगडानं कठड्यावर काहीतरी खरवडत होतास. मला वाटलं नाव खरवडतोयस. बघितलं तर पेपरातला प्रश्न सोडवत होतास, माझा चुकलेला. "हे बघ, इथं चुकलास तू. एवढंच." एवढंच, म्हणे!

मग तू पुण्याला गेला नाहीस. तुझे अप्पा तुझ्याशी बोलायचे बंद झाले, आईचं देवाला नवस बोलून झालं, नातेवाईक येऊन गेले. तू एकच म्हणत राहिलास, "मला गणित करायचंय. तितं यंत्रं आहेत, गणित हितं आहे." बी.एस्सी.ला सोलापुरातच नाव घातलंस. आणि संध्याकाळी तुमच्या गच्चीत मला शिकवायला लागलास. ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत. मी सुटलो. पुढं बी.कॉम. झालो, नोकरीला लागलो, ते त्या गच्चीमुळं. तुझा पहिला विद्यार्थी मी. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं तर आधी नापास झालो होतो हे सांगावं लागलं असतं.

खोटं मी सुरू केलं नव्हतं, एवढं तरी मला म्हणू दे. सुनीताला बघायला गेलो तेव्हा मध्यस्थ माझे मामा. तू माझ्या शेजारी पोहे खात बसला होतास. सुनीताच्या वडिलांनी विचारलं, शिक्षण? आणि मामा छाती काढून म्हणाले, "मुलगा लई हुशार. बारावीला ब्याऐंशी टक्के. पुण्याला इंजिनिअरिंगला नंबर लागला होता की! पण परिस्थितीमुळं सोडावं लागलं."

तुला ठसका लागला. शेंगदाणा नाकात गेला. सुनीताची आई पाणी घेऊन धावली. मामांनी तुझे ब्याऐंशी उचलून माझ्या अंगावर घातले होते, नव्या सदऱ्यासारखे. येताना रिक्षात आपण इतके हसलो की रिक्षावाल्यानं मागं वळून बघितलं. मी म्हणालो, "मल्लू, हे सांगून टाकू का रे?" तू डोळे पुसत म्हणालास, "होगली बिडो." जाऊ दे, सोड. तुझं नेहमीचं. तेव्हा तुला वाटलं असेल, सदरा आहे, लग्न झालं की काढून ठेवील.

मी काढला नाही. सासुरवाडीला पुढच्या दिवाळीत कुणीतरी तीच गोष्ट काढली आणि मी नुसता हसलो. नंतर नुसतं हसणं बंद झालं, मी तपशील घालू लागलो. पुण्याचं कॉलेज कसं होतं, वडील कसे म्हणाले, "बाळा, नाही रे झेपणार." माझे वडील तसं काही म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, "गाढवा, गणितात नापास?" आमच्या पोरीला, ऋतुजाला, ती गोष्ट मी ती चौथी-पाचवीत असल्यापासून सांगत आलो. कधी अभ्यासाला बसवायला, कधी उगाचच. आपल्या मुलीनं आपल्याकडं कौतुकानं बघावं ही भूक मोठी वाईट असते रे. तुला ती कळली असती. मी तुला कधी सांगितली नाही.

आणि ऋतू तुझी होती. माझी होतीच, पण तुझीही होती. पाचवीपासून रविवारी दुपारी तुझ्याकडं गणिताला यायची. गणित झालं तरी उठायची नाही. वहिनींच्या हातची कडक भाकरी मोडत तुझ्याशी वाद घालायची. "काका, तुमची पद्धत लांबलचक आहे. माझी बघा." आणि तू हरलास की मला फोन, "सुऱ्या, तुझ्या पोरीनं आज माझी इज्जत काढली." फोनवरून तुझा आनंद सांडायचा. मोठी झाल्यावर दर रविवारी सकाळी तू तिला मोबाइलवर एक गणित पाठवायचास. ती दात घासायच्या आधी ते सोडवायला बसायची. सुनीता ओरडायची, "आधी तोंड धू गं, काका कुठं पळून चाललेत?"

ती बारावी झाली तेव्हा तिनं आधी तुला सांगितलं, मग आम्हाला. सीईटीला उत्तम गुण, आणि म्हणे, "मला बी.एस्सी. करायचंय. गणित. सोलापुरातच." मला वाटलं कुणी माझ्या पायाखालची सतरंजी ओढली. पतसंस्थेतले लोक काय म्हणतील इथपासून सुरुवात झाली, मल्लू. तिचं काय होईल हा विचार नंतर आला, तोही त्यातूनच.

मग तो रविवार. मी, सुनीता आणि ऋतू तुझ्यासमोर. शेजारी बार्शीचं एक कुटुंब. त्यांचं झालं, हसणं झालं. आमची पाळी आली तसा तू मला सोडवायला बघितलंस, हे मला आता लख्ख दिसतं. म्हणालास, "सुऱ्या, तू चहाचं बघ जरा आत. सुनीतावहिनी, तुमचं सांगा." पण तो बार्शीचा मोंढ्यातला अडत्या मोठा मिश्कील. "आं? हे पाव्हणं बरं सुटलं! यांचं बी होऊ द्या की सर!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला खरं बोलायची याहून चांगली जागा मिळणार नव्हती. जो तो आपली पडझड सांगून हसत होता. मी ऋतूकडं बघितलं आणि म्हणालो, "ब्याऐंशी. पुण्याला इंजिनिअरिंगला नंबर लागला होता. परिस्थितीमुळं सोडावं लागलं."

बार्शीकरांनी हळहळून मान हलवली. ऋतूचे डोळे भरून आले. तू माझ्याकडं बघितलंस, मग समोरच्या कागदाकडं, आणि म्हणालास, "बरं. पुढं."

तुझेच गुण, तुझ्याच घरात, तुझ्या तोंडावर. आणि नुसते गुण नव्हेत. तू आपल्या मनानं, अप्पांशी भांडून, हवं ते निवडलं होतंस. मी त्याची हळहळीची गोष्ट करून टाकली. ऋतूला जे करायचं होतं तेच तू केलं होतंस. तिला ते समजलं असतं तर तिचं बळ वाढलं असतं. मी तुझीच गोष्ट उलटी करून तिच्या वाटेत आडवी घातली.

नंतर तू मला बाहेर पायरीवर घेऊन गेलास. आवाज खाली होता.

"सुऱ्या, तिला सांग. आज घरी गेल्यावर सांग. फॉर्म लॉक व्हायच्या आत."

"आता काय सांगू? एवढी वर्षं झाली."

"पोरगी तुझ्यासाठी पुण्याला चालली, दिसत नाही का तुला? इंजिनिअरिंग वाईट आहे असं मी म्हणत नाही. मी तिला तसं सांगितलंयही. तुला पाठवायचं असेल तर 'जा' म्हण, भांड तिच्याशी, बापाचा हक्क आहे तुझा. पण ह्या खोट्यापायी नको पाठवू."

"तूच घातलंस तिच्या डोक्यात हे बी.एस्सी.चं," मी म्हणालो. "तू मास्तर झालास म्हणून सगळ्यांनी मास्तर व्हायचं का?"

"मी काही घातलं नाही रे."

आणि मग मी ते बोललो. "तिचा बाप मी आहे. तू मास्तर आहेस, मास्तरासारखा राहा."

तुला आणि वहिनींना मूल नाही, हे बोलताना माझ्या ध्यानात नव्हतं असं म्हणालो तर तेही खोटंच होईल. ध्यानात होतं. म्हणूनच ते वाक्य सुचलं.

तू रस्त्याकडं बघितलंस. मी वाट बघत होतो की तू 'होगली बिडो' म्हणशील. तू म्हणाला नाहीस. "चहा गार होतोय," एवढं म्हणून आत गेलास.

संध्याकाळी ऋतू माझ्याजवळ येऊन बसली. "बाबा, मी कॉम्प्युटर टाकते पहिलं. पुण्याचं. तुमचं राहिलेलं." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताची आजही शरम वाटते.

तिचं शिक्षण वाया गेलं म्हणून मी हे लिहितोय असं कुणी समजू नये. ती तिथं बरी रमली आहे, गुण चांगले आहेत, मैत्रिणी आहेत. माझ्या खोट्यानं तिचं करिअर बुडालं नाही. बुडालं ते दुसरंच, आणि तिकडं माझं लक्ष नव्हतं. खरं तर होतं.

तू मास्तरासारखा राहायला लागलास. रविवारचं गणित येईना झालं. तिनं फोन केला तर, "बरी आहेस ना? अभ्यास कर. आशीर्वाद आहे," आणि ठेवून द्यायचास. तू तिला आशीर्वाद कधी द्यायचास रे? तू तिला 'शहाणपणा करू नको' म्हणायचास. पहिल्या दिवाळीला ती फराळाचा डबा घेऊन तुझ्याकडं गेली, तर तू गच्चीतून खाली आलाच नाहीस. डोकं दुखतंय म्हणून निरोप पाठवलास. घरी येऊन ती म्हणाली, "काकांना राग आलाय. मी गणित सोडलं म्हणून." मी म्हणालो, "तसं नाही गं, त्यांना कामं असतात." खरं कारण मला माहीत होतं. तिच्यासमोर बसलं की कधीतरी ती विचारणार, 'काका, बाबांचा नंबर लागला होता तेव्हा तुम्ही कुठं होता?' तुला तिच्याशी खोटं बोलायचं नव्हतं आणि माझं खोटं उघडंही पाडायचं नव्हतं. मग तू भेटणंच टाळलंस. एकदा तिनं फोनवर तसं विचारलंही होतं. तू म्हणालास, "ते तुझ्या बाबाला विचार." तिला वाटलं, काकांना आता माझ्याशी बोलायचंही नाही.

आणि मला, मल्लू, आत कुठंतरी थोडं बरं वाटत होतं. आता रविवारी सकाळी ती मला फोन करायची.

आपलं मात्र चालूच राहिलं. सात रस्ता चौकात संध्याकाळचा चहा, तुझं साखर कमी सांगणं आणि मग माझ्या बशीतलं बिस्किट उचलणं. आपण पाण्याच्या टाकीबद्दल बोललो, तुझ्या गुडघ्याबद्दल बोललो, निवृत्तीनंतर कुठं फिरायचं ते बोललो. त्या रविवारबद्दल नाही. तू गेलास त्याच्या आदल्या आठवड्यात तू एकदम विचारलंस, "ऋतू कशी आहे?"

"मजेत."

"बोल की रे तिच्याशी कधीतरी."

"बोलतो."

तू बिस्किट चहात बुडवलंस, ते तुटून आत पडलं, आणि तू पेल्यात बघत बसलास. मी पैसे द्यायला उठलो. त्या दिवशी मी बसलो असतो तर कदाचित भांडण तरी पुरं झालं असतं.

ऋतू पुण्याहून आली तेव्हा तुला न्यायची तयारी झाली होती. ती रडली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, पाहुण्यासारखी. ज्या घरात ती स्वयंपाकघरात शिरून डबे उघडायची, तिथं तिला कुठं उभं राहावं कळत नव्हतं. दोन दिवसांनी ती वहिनींजवळ बसली होती. मी पाण्याची कळशी घेऊन आत येत होतो आणि तिचा आवाज ऐकला.

"काकू, काका माझ्यावर नाराज होते ना?"

वहिनी म्हणाल्या, "नाही गं बाई. तुझं नाव निघालं की उठून गच्चीत जायचे. मला वाटायचं तूच काहीतरी लागेलसं बोललीस त्यांना. एकदा विचारलं पण मी. म्हणाले, पोरीचं काही नाही, तिला काही बोलायचं नाही."

"मग मी काय केलं होतं?"

वहिनींना ठाऊक नव्हतं. तू त्यांनाही सांगितलं नव्हतंस. कळशी खाली ठेवताना माझ्या पायावर पाणी सांडलं आणि दोघी माझ्याकडं बघायला लागल्या. तिथंच सांगायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "फडकं कुठंय?"

सुनीताला त्याच दिवशी सांगितलं. ती पीठ मळत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या वडलांनी तुमची नोकरी बघितली होती, नंबर नव्हे. मला सांगितलं असतंत तरी चाललं असतं." मग हात धुतले, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "पण पोरीला का सांगितलंत? आणि त्या माणसाला एवढी वर्षं तोंड दाबून का ठेवलंत?" मी परातीवर झाकण ठेवलं. ती म्हणाली, "ती परवा चाललीये. तुम्ही सोडायला जा."

एसटीनं निघालो. ऋतू खिडकीशी, मी शेजारी. मोहोळ गेलं, मी बोललो नाही. टेंभुर्णीला गाडी चहाला थांबली. हॉटेलच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, वर पत्रा, बाजूला ट्रकचे हॉर्न. मी चहा आणला आणि न बसताच सांगितलं. सगळं. नापास झालो होतो, काकांनी शिकवलं, ब्याऐंशी त्यांचे होते, नंबर त्यांचा होता, आणि त्यांनी तो आपल्या मनानं सोडला होता, गणितासाठी.

तिनं आधी विचारलं, "आजोबा 'नाही झेपणार' म्हणाले होते ते?"

"नाही. ते गाढव म्हणाले होते."

तिच्या तोंडावर हसू येता येता थांबलं. मग तिनं पेला शेजारच्या खुर्चीवर ठेवला.

"काकांना माहीत होतं? त्या रविवारी?"

"हो. त्यांनी मला पायरीवर नेऊन सांगितलं, फॉर्मच्या आधी पोरीला खरं सांग. मी त्यांना म्हणालो, बाप मी आहे, तू मास्तर आहेस, मास्तरासारखा राहा. त्यानंतर ते तुझ्याशी बोलले नाहीत, ते माझ्यामुळं. तुझ्याशी खोटं बोलायला नको म्हणून."

"काकांना तुम्ही असं म्हणालात?"

"हो."

"त्यांना?"

ती उठली. चहा तसाच. गाडीत जाऊन बसली. कंडक्टरनं घंटी दिली, मी धावत चढलो, तर माझ्या जागेवर एक म्हातारी गाठोडं घेऊन बसली होती. ऋतूनं तिला उठवलं नाही. मी मागच्या बाकावर बसलो. समोर फक्त ऋतूची वेणी. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. तुला माती दिली तेव्हा जे आलं नाही ते आता येत होतं. म्हातारीनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मागं वळून मला विचारलं, "काय झालं पोरीला? कोन गेलं का?"

मी म्हणालो, "हो. तिचे काका."

"जवळचे व्हते का लई?"

"माझ्यापेक्षा जवळचे," मी म्हणालो.

ऋतूची वेणी जराशी हलली. वळली नाही. गाडीत माणसं होती, कुणी मोबाइलवर गाणी लावली होती, म्हातारी कान देऊन ऐकत होती. मला वाटलं पुण्यात उतरल्यावर बोलावं, नीट, एकांतात. आणि लगेच कळलं की एकांत शोधत शोधतच इतकी वर्षं गेली. मी पुढं वाकलो, तिच्या बाकाचा दांडा धरला आणि सगळ्यांच्या देखत बोललो. तुला ऐकू जायला हवं होतं, म्हणून शब्द न् शब्द लिहितो.

"ऋतू, मी तुझ्याशी खोटं बोललो. तुला काय करायचंय ते ऐकून घ्यायला पाहिजे होतं, ते ऐकलं नाही. आणि तुझा काका जिवंत असताना मी त्याला तुझ्यापासून तोडला. ते मला भरून देता येणार नाही. तू माफ करावं असंही मी म्हणत नाही. तुझ्या काकाला हे म्हणायचं होतं, त्याला म्हणायचं राहिलं, म्हणून तुला म्हणतो. माझं चुकलं."